स्वस्तातली बंदूक आणि मर्लचं मचाण

कोल्ड हॉलो, पेनसिल्व्हेनिया
९ सप्टेंबर २०१४

नणंदबाई ट्वायला,

तुझ्या पत्रात तीन पानं तुझ्या गुडघ्यांवर आणि एकच ओळ माझ्यावर. पण त्या एका ओळीत बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. "वहिनी, या वयात बंदुकीच्या दुकानांचे उंबरे का झिजवतेस?" तुला कळवलं कुणी ते मी विचारत नाही. गेलनच असणार. माझा पुतण्या, तुझा भाचा, आणि दोघींच्या चहाड्या करण्यात सारखाच हुशार.

तर ऐक. तुझा भाऊ गेल्यापासून डोंगरावरचं त्याचं मचाण माझ्याकडे आहे. आणि आपल्या शिकारीच्या कॅम्पचा नियम तुझ्या वडिलांनीच घातलेला: ज्या मचाणावरून लागोपाठ तीन हंगाम हरीण पडत नाही, ते दुसऱ्याला द्यायचं. माझे दोन कोरडे गेले. यंदाचा गेला की मचाण गेलनचं. आत्तापासूनच तो जाता-येता खालून वर बघतो, लग्नाच्या मुलीकडे बघावं तसा. मर्लने त्या फळ्या स्वतः रंधून बसवल्यात गं. माझ्या अंगात वर चढायचं बळ आहे तोवर मी ते सोडणार नाही.

मर्लची बंदूक लांब, जड, आणि खेचरासारखी लाथ मारते. म्हणून मला हलकी हवी. आधी हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या पोराने मी तोंड उघडायच्या आत गुलाबी पिस्तूल पुढे केलं.

"आजी, बायका हेच नेतात."

"हरीण काय रंग बघून लाजून मरेल का रे?" मी म्हटलं.

तो म्हणाला पर्समध्ये बसतं. मी म्हटलं माझ्या पर्समध्ये हरीण येत नाही.

मग ऑरिनकडे गेले. आपल्या जुन्या डेअरीत त्याचं दुकान आहे, मर्ल शेगडीजवळ तासन् तास जाऊन बसायचा तेच. कशावरही किंमत लिहिलेली नाही. विचारलं की आधी तुला वरपासून खालपर्यंत बघतो, मग खिडकीबाहेर बघतो, मग आकडा सांगतो. एक वापरलेली हलकी रायफल मला आवडली. चारशे ऐंशी म्हणाला. मी म्हटलं विधवेला काही सूट? म्हणाला, "विधवांनाच विकतो मी जास्त. सूट द्यायला लागलो तर माझी बायको विधवेसारखी राहील."

तुझे गुडघे शेकत जा.

अर्विला


मॅरिएटा, ओहायो
१७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

मी हसले नाही. चारशे ऐंशी डॉलर ही लूट आहे.

लायब्ररीतल्या वर्गात मी इंटरनेट शिकले हे तुला ठाऊक आहे. तिथे लोक दुकानांना तारे देतात. पाच म्हणजे उत्तम. तुझ्या ऑरिनला दीड आहे. लोकांनी काय लिहिलंय ते उतरवून काढलं, वाच:

"मालकाने मान वर करून बघितलंही नाही."

"किंमत विचारली तर म्हणाला, तुला परवडणार नाही. परवडत होती."

"बंदूक घ्यायला गेलो, त्याच्या कुत्र्याच्या जंतांची हकिकत ऐकून परत आलो."

आणि एका वेड्याने पाच तारे देऊन लिहिलंय: "त्यांनी मला बंदूक विकली नाही. त्यांचे उपकार आहेत." आता सांग, ज्याच्याकडे असली गिऱ्हाइकं येतात त्याच्या दारात तू कशाला जातेस? की तिथल्या शेगडीजवळ बसायला बरं वाटतं? मर्लला जाऊन अडीचच वर्षं झाली आहेत, एवढंच म्हणते.

काही विकत घेऊ नकोस. मी बघते.

तुझी ट्वायला


कोल्ड हॉलो
२८ सप्टेंबर

ट्वायलाबाई,

शेगडीजवळ बसायला बरं वाटतंच. पण ऑरिनच्या कानांतून केस येतात आणि त्याची बायको त्याच्यासाठी मक्याचं सूप डब्यातून पाठवते. तेव्हा माझ्या दुसऱ्या लग्नाचा केक तू इतक्यात भाजायला घेऊ नकोस.

तो पाच ताऱ्यांचा वेडा कोण ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही. त्याची बायको पोरांना घेऊन निघून गेली, त्याच दिवशी दुपारी तो ऑरिनकडे पिस्तूल मागायला आला होता. कशासाठी हवं विचारलं तर धड सांगेना. ऑरिनने त्याला शेगडीजवळ बसवलं, आपलं सूप त्याला पाजलं, आणि दुकान बंद व्हायच्या वेळेला स्वतः गाडीत घालून त्याच्या भावाकडे सोडून आला. कुत्र्याच्या जंतांची हकिकत त्यानेही ऐकली. आज तो माणूस डाकघरात काम करतो, हे पत्र तोच उचलेल.

पण लुटीबद्दल तू म्हणतेस त्यात तथ्य असेल, म्हणून मी एक खोडी केली. आपल्या चर्चच्या पास्टरांना पाठवलं, तीच बंदूक, तोच प्रश्न. बिचारे घाबरत गेले. ऑरिनने त्यांना पाचशे वीस सांगितले. मी दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी.

"देवाच्या माणसाला चाळीस जास्त?"

"पास्टर जन्मात कधी शिकार करत नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्या कपाळावर तुझं नाव लिहिलेलं होतं. चाळीस डॉलर निरोप्याचे."

मग म्हणतो कसा, "ते जाऊ दे. मागच्या अंगणात चल. मर्लचीच बंदूक घे आणि चार गोळ्या झाडून दाखव. तू कशी नेम धरतेस ते बघितल्याशिवाय मी तुला काही विकणार नाही."

ट्वायला, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कॅम्पमध्ये नेम चुकला की त्या माणसाच्या सदऱ्याची मागे लोंबणारी शेपटी कापून भिंतीला खिळतात. त्या भिंतीवर सगळ्यात जास्त शेपट्या माझ्या आहेत, हे ऑरिनला काय माहीत नाही? शेगडीभोवतीच्या म्हाताऱ्यांना फुकटचा तमाशा हवा होता. मी म्हटलं, पैसे घेऊन माल दे, परीक्षा घ्यायची तर शाळा काढ. आणि दार आपटून आले.

आता बघ तू काय बघतेस ते.

अर्विला


मॅरिएटा
८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

बघितलं. आणि घेतलीसुद्धा.

नवीकोरी, हलकी, कमी धक्क्याची, जशी तू लिहिली होतीस तशीच. दोनशे नव्वद डॉलर. त्याच बंदुकीचे इतर ठिकाणी दुप्पट होते. मी तीन संध्याकाळी बसून शोधली, लायब्ररीतल्या बाईंना वाटलं मी दरोडा घालणार आहे. ही माझ्याकडून तुला भेट. मर्लच्या बहिणीकडून. यावर वाद नको.

फक्त एक आहे. कायद्याने ती थेट घरी येत नाही, परवाना असलेल्या दुकानातच जाते आणि तिथे तुला तुझी नोंद करून घ्यावी लागते. बाहेरून आलेली बंदूक घेणारं तुझ्या जवळ एकच दुकान सापडलं, ऑरिनचं. तेव्हा नाक मुठीत धरून त्याच्याकडे जा. त्याचं तोंड कसं होतं ते मला सविस्तर कळव, तेवढे पैसे वसूल होऊ देत.

तुझी ट्वायला


कोल्ड हॉलो
२१ ऑक्टोबर

माझ्या गुणी नणंदे,

आधी आभार. खरे, मनापासून. मला मर्ल गेल्यावर इतकी मोठी वस्तू कुणी दिली नव्हती. लोक फक्त बटाट्याचे पदार्थ देतात.

आता सविस्तर.

ऑरिनचा फोन आला. "तुझं इंटरनेटवरचं स्थळ आलंय, घेऊन जा." मी केस विंचरून गेले. आधी त्याने मला फॉर्म भरायला लावला, मी फरार आहे का, वेडी आहे का, असं सगळं. मग सरकारला फोन लावून विचारलं. सरकार म्हणालं, अर्विला बाई बरी आहे. मी म्हटलं हे लिहून द्या, मला ओहायोला पाठवायचंय.

"नोंदणीचे पस्तीस," ऑरिन म्हणाला.

"एका फोनचे?"

"फोन फुकट. पस्तीस माझ्या अपमानाचे. महिन्यापूर्वी तू माझं दार आपटलंस, त्याची बिजागरी अजून कुरकुरतेय."

दिले. मग त्याने खोका उघडला, बंदूक बाहेर काढली, आणि गप्प झाला. ऑरिन गप्प झाला की त्याचा कुत्रासुद्धा उठून बघायला येतो. त्याने बंदूक अशी फिरवली, तशी फिरवली, आणि शेगडीकडे वळून म्हाताऱ्यांना विचारलं, "काय रे, तुमच्यात कुणी डावखुरा आहे का?"

कुणी नव्हता.

ट्वायला, गोळी भरायला ओढायची जी दांडी असते ना, ती हिच्या डाव्या अंगाला आहे. डावखुऱ्या माणसांसाठी वेगळ्या बनवतात तशी. मी उजव्या हाताने वापरायची म्हणजे दरवेळी हात बंदुकीवरून पलीकडे टाकायचा, झोपलेल्या नवऱ्यावरून घड्याळ बंद करावं तसा. म्हणूनच अर्ध्या किमतीत. ती कुणाला नकोच असते.

म्हातारे इतके हसले की एकाचे दात हातात आले. मीही हसले. घरी येईपर्यंत हसले. मग ती स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून बसले, आणि हंगामाला आता किती थोडे दिवस उरलेत ते लक्षात आलं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस.

अर्विला


मॅरिएटा
२५ ऑक्टोबर

वहिनी,

मी काल जेवले नाही.

त्या लोकांना फोन केला. एकदा दुकानात नोंद झाली की परत घेत नाहीत म्हणाले. मी बाईशी भांडले, मग तिच्या साहेबाशी भांडले, मग रडले, मग त्याने मला दुसऱ्या मालावर दहा टक्के सूट देऊ केली. ऑरिनला विचार, तो विकत घेईल का, कितीला का होईना.

चित्रात ती दांडी दिसत होती गं. ती कुठल्या बाजूला असायला हवी हे मला कुठून कळणार? आमच्या घरात पाच बंदुका होत्या. मर्लला आठव्या वर्षी हातात दिली. मला त्या पुसायलासुद्धा दिल्या नाहीत कधी. मी लांबून बघितलेल्या वस्तूची खरेदी करायला गेले, दुसरं काय.

माझ्यापायी तुझं मचाण गेलं तर मी मर्लला काय तोंड दाखवू.

ट्वायला


कोल्ड हॉलो
९ नोव्हेंबर

ट्वायला,

बसलीस का? नीट बस. जेवून बस.

तुझं पत्र वाचलं आणि बंदूक घेऊन ऑरिनकडे गेले. म्हटलं कितीला घेतोस? तो म्हणाला, "माझ्याकडे एकच डावखुरं गिऱ्हाईक होतं, ते फ्लॉरिडाला राहायला गेलं. मी घेऊन काय करू, टोपी अडकवू?" मी उठले. तर म्हणाला, "बस. आज दुकानात दुसरं कुणी नाही. आता तरी मला बघू दे."

माझा ताठा तोवर उतरला होता. मी बसले.

त्याने मला दोन्ही हात पुढे करायला लावले, तळव्यांच्या मधे एवढीशी खिडकी करायला सांगितली, आणि तिच्यातून भिंतीवरच्या कॅलेंडरातला टर्की पक्षी बघायला सांगितलं. दिसला.

"डावा डोळा मीट."

"टर्की गेला."

"आता डावा उघड, उजवा मीट."

"आला परत."

त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. मग त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि चष्मा पुसायला लागला.

"अर्विला, तुझा हात उजवा आहे, पण डोळा डावा आहे. असतो काही लोकांचा. तू आयुष्यभर बंदूक उजव्या खांद्याला लावून, जो डोळा बघतो तोच मिटून गोळ्या झाडल्यास. तुमच्या त्या अडाणी कॅम्पात बंदुकीला दुर्बीण लावायची लाज वाटते, नाहीतर थोडंफार निभावलं असतं. याचसाठी म्हणत होतो, आधी झाडून दाखव. मर्ल तुझं सांगायचा तेव्हापासून मला संशय होता."

"मग त्याला का नाही बोललास?"

"बोललो. तो म्हणाला, तिच्या डोळ्याला काही झालेलं नाही. ती मुद्दाम चुकवते. तिला जीव घेववत नाही. आणि कुणाला सांगू नकोस, तिला वाटतं मला कळत नाही."

ट्वायला, तुझा भाऊ पन्नास वर्षं समजत होता की मी दयाळू आहे. मी दरवर्षी त्या हरणाला मनात शिव्या देत, दात खाऊन नेम धरत होते, आणि तो शेजारी बसून माझ्या मऊ मनाचं कौतुक करत होता. म्हणून कॅम्पमध्ये माझी शेपटी कापताना तो हसायचा नाही. मी घरी येऊन त्याच्या फोटोला म्हटलं, मर्ल, तू फसलास.

तर आता असं आहे की तू जगातली एकमेव बाई आहेस जिने मला बरोबर बंदूक पाठवली. चुकून पाठवलीस, पण ते आपण गेलनला सांगायचं नाही.

ऑरिनने माझ्या हाताच्या मापाने बंदुकीचा दस्ता कापून दिला, त्याचे पैसे घेतले. रोज दुपारी त्याच्या अंगणात डाव्या खांद्यावरून झाडायला शिकतेय, गोळ्यांचे पैसे वेगळे घेतो. शिकवायचे घेत नाही. विचारलं तर म्हणाला, "शिकवण्याचा भाव मला माहीत नाही, मी शाळा काढलेली नाही." तो काही विसरत नाही मेला. एकूण बेरीज मी केलेली नाही आणि करणारही नाही. ती चारशे ऐंशीच्या पलीकडे गेली असणार.

डाव्या हाताने सूप प्यायल्यासारखं वाटतं. पण काल कागदावरच्या गोलात तीन भोकं पडली, आणि तिन्ही माझी.

अर्विला


मॅरिएटा
२२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

मी तुझं पत्र चार वेळा वाचलं. शेजारणीलाही वाचून दाखवलं, तिला बंदुका आवडत नाहीत, तरी तिने दोन्ही हात पुढे करून दारातल्या टपालपेटीकडे बघितलं.

ऑरिनला मी पाच तारे दिले. काय लिहावं सुचेना. "शेवटी नीट बघतात" एवढं लिहिलं.

मला एक सांग. तू वर बसतेस तेव्हा काय दिसतं? नदी दिसते का? उजाडताना आवाज कसले येतात? तुम्ही तासन् तास काय करता? बाबा आणि मर्ल परत यायचे, बूट काढायचे, आणि फक्त कुठल्या हरणाच्या शिंगांना किती फाटे होते तेवढंच बोलायचे. बाकीचं कधी कुणी सांगितलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला एकटी राहू नकोस. आणि गरम मोजे घाल, दोन जोड.

तुझी ट्वायला


कोल्ड हॉलो
२ डिसेंबर

ट्वायला,

घाईत लिहिते. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मग देईन. हा काय सहलीला जायचा हंगाम आहे का.

काल पहिला दिवस. उजाडल्यावर थोड्याच वेळात एक नर आला. अगदी समोर, नाकातून पांढरा श्वास, ओळखीचं माणूस उभं राहावं तसा उभा. आणि पन्नास वर्षांची सवय गं. बंदूक आपोआप उजव्या खांद्याला गेली. चूक कळून डावीकडे घेईपर्यंत फांदी हलली, तेवढी बघितली. गोळी झाडलीच नाही, म्हणून सदरा तरी वाचला.

गेलन दुपारी मचाणाखाली आला, मोजपट्टी घेऊन.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही काकू, शिडी बदलायला झाली असं वाटलं."

"अजून हंगाम संपलेला नाही."

"मी कुठे काय म्हणालो?" तो म्हणाला. पण पायरी मोजलीच, आणि आकडा पुटपुटला.

अर्विला


कोल्ड हॉलो
१४ डिसेंबर

ट्वायला,

काल हंगाम संपला.

आठवडाभर काहीच नाही. पाऊस, मग बर्फ, मग नुसतं धुकं. शुक्रवारी तर मी खालच्या खाली परत आले, गुडघे तुझ्यासारखे झाले होते. शनिवारी वाटलं, जाऊ दे, गेलनचं नशीब बलवत्तर. तरी गेले. म्हटलं निरोप तरी घ्यावा फळ्यांचा.

दुपार कलताना तो आला. मोठा नव्हता, पण शिंगांना सरकारी नियमात बसतील एवढे फाटे होते, मी तीनदा मोजले. या खेपेला मी सकाळपासूनच उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. तो हात निघेपर्यंत बंदूक डाव्या खांद्यावर होती. डोळ्यापुढे सगळं कसं स्वच्छ, जशी कुणी काच पुसून दिली. मी दात खाल्ले नाहीत. शिव्या दिल्या नाहीत. चाप ओढला. तो चार पावलं गेला आणि पडला.

आणि मग माझे पाय गेले. उतरता येईना. इतकी वर्षं मी म्हणायची, हरीण पडलं की मी डोंगर डोक्यावर घेईन. आता बंदूक बाजूला ठेवली आणि टोपी काढली. म्हटलं, मर्ल, तुझं थोडंसं खरं होतं.

शेवटी पलीकडच्या उतारावर बसलेल्या गेलनलाच हाक मारावी लागली. तो धावत आला, मला वाटतं मी पडले असं समजून. हरीण बघितलं, मला बघितलं.

"काकू, हे तू?"

"नाही, पास्टर मारून गेले."

माझी बंदूक हातात घेतली त्याने. "ही उलटी आहे."

"मीपण."

मग त्याने मला एकेक पायरी धरून खाली उतरवलं, आणि ते जनावर एकट्याने कॅम्पपर्यंत ओढत नेलं. दोन वर्षं तो मला मांस आणून देतोय, विधवा काकूला म्हणून, आणि मी ते दात-ओठ खाऊन घेतेय. काल मीच त्याला मागची एक तंगडी दिली. त्याने घेतली. कॅम्पमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "मचाण काकूचं आहे." जोरात नाही म्हणाला, पण म्हणाला.

ऑरिनला सांगायला गेले तर त्याने मान वर करून बघितलंही नाही. "किती गोळ्या?" एवढंच विचारलं. मी म्हटलं एक. म्हणाला, "मग माझा धंदा बसला."

अर्विला


मॅरिएटा
२० डिसेंबर

वहिनी,

मी रडले. हरणासाठी नाही.

तू माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून दिली नाहीस. तुला वाटलं असेल म्हातारी उगाच चौकशा करते. तर आता सांगते, एवढी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

मी अकरा वर्षांची असताना हंगामाच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री मर्लचे कपडे घालून दारात उभी राहिले. बाबांना म्हटलं, मी पण. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, आणि खुंटीवरचा एप्रन काढून माझ्या गळ्यात अडकवला. मर्ल पण हसला, तो लहान होता. त्या वर्षी मी भोपळ्याचं सारण भरून सहा गोड 'पाय' भाजल्या, आणि त्यानंतर दरवर्षी. म्हणूनच मी लग्न करून ओहायोला आले असं म्हणणार नाही, पण गेले तेव्हा डोंगराकडे वळून बघितलं नाही.

मला मारायचं काही नाही. बंदूकसुद्धा नको. मला एकदा तिथे वर बसायचंय, उजाडेपर्यंत. तुझं आहे ते आता, म्हणून तुला विचारते. नाही म्हणालीस तरी चालेल. गुडघ्यांचं मी बघीन.

ट्वायला


कोल्ड हॉलो
२९ डिसेंबर

ट्वायला,

तुझं पत्र मी चुलीपुढे उभी राहून वाचलं आणि दूध उतू गेलं.

मी किती मूर्ख बाई आहे. एवढी वर्षं तू प्रत्येक हिवाळ्यात विचारायचीस, काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि मी समजायची नणंद माझी उलटतपासणी घेतेय. मर्ललाही कळलं नाही. कळलं असतं तर त्याने तुला पाठीवर बसवून नेलं असतं, एवढं मी त्याला ओळखते.

मचाणावर जागा जेमतेम दीड माणसाची आहे. मर्ल काटकुळा, म्हणून आम्ही दोघं कसेबसे मावायचो. आपण दोघी बसलो तर एक नक्की खाली जाईल, आणि भोपळ्याच्या 'पाय' तू माझ्यापेक्षा जास्त खाल्ल्यास. म्हणून काल गेलनला बोलावलं. म्हटलं, तू पायऱ्या मोजल्यास ना, आता त्या मोजमापाचा काहीतरी उपयोग कर. कुणासाठी ते सांगितलं. तो टोपी हातात फिरवायला लागला. मग म्हणाला, "आत्याला? आपल्या ट्वायला आत्याला?" आणि आज सकाळी बर्फात तो दोन लांब फळ्या खांद्यावर टाकून डोंगर चढताना मी खिडकीतून बघितला. शिडीला कठडासुद्धा लावतोय, पायऱ्यांमधलं अंतरही कमी करतोय. तुझ्या गुडघ्यांची ख्याती इथपर्यंत आहे.

हंगामापर्यंत कशाला थांबायचं? एप्रिलमध्ये ये, टर्की ओरडायला लागतात तेव्हा. काळोखात निघू. काय दिसतं, काय ऐकू येतं, ते मी लिहिणार नाही. तू स्वतः ऐक.

फक्त एक आहे. वर तासन् तास तोंड बंद ठेवून बसावं लागतं. तुला जमणार नाही हे मला माहीत आहे. मलाही मर्लच्या शेजारी कधी जमलं नाही. तरी ये.

तुझी वहिनी,
अर्विला